खासदारकाकांचा पांढरा शर्ट

श्रूजबरीत आमच्या खालच्या मजल्यावर एक फिलिपिनो खासदार राहायचे. माजी म्हटलेलं त्यांना खपत नसे. आजोबा खासदार, वडील खासदार, मग हे. देशात मार्शल लॉ आला, संसदेला टाळं लागलं आणि हे पळून अमेरिकेत आले. आता गोदामात खोकी चिकटवायचे. हात असा मिळवायचे, की माझा खांदा निखळून परत जागेवर बसायचा. खोटं वाटत असेल तर बायकोला विचारा. ती अर्थात नाही म्हणेल.

त्यांच्या मतदारसंघात कुणी गेलं, की खासदार भेटून जाईपर्यंत शवपेटी हलत नसे. माझ्या अंदाजाने त्यांनी पंधरा हजार माणसं तरी पोचवली. हजार-दोन हजार इकडे तिकडे. इथे आल्यावरही नेम मोडला नाही. धाकटा भाऊ दर महिन्याच्या पत्रात गेलेल्यांची यादी पाठवायचा. मग रविवारी सकाळी काका भरतकामाचा पांढरा शर्ट चढवून आमच्या किचनमध्ये यायचे. दुखवट्याला एकट्याने बसत नाहीत म्हणे. एकेक नाव वाचायचे आणि गप्प व्हायचे.

"काका, चहा टाकू?" बायको विचारायची.

"थांब जरा. मासेवाली आजी राहिलीय. तिच्या घरात सात मतं आहेत."

"आता सहाच की!"

काका डोळे पुसता पुसता हसायचे.

शहाऐंशीत तिकडचा हुकूमशहा पळाला. मी अख्ख्या रस्त्याला शिरा वाटला. काकांनी बॅग भरली. निवडणूक लागली की भाऊ बोलावणार होता. भावाचं पत्र आलं, त्यात तब्येतीची चौकशी होती. यादी नव्हती. पुढच्या पत्रातही नव्हती.

"चांगलंच आहे काका," मी म्हणालो, "तुमच्याकडे लोकांनी मरायचं सोडलं!"

ते हसले नाहीत. "मरतायत रे इंजिनिअर. आता भाऊ जातो त्यांच्याकडे."

त्यांनी फोन लावला. भावाने स्वतःचाच उमेदवारी अर्ज भरला होता. "शवपेटी आता त्याच्यासाठी थांबते," एवढंच काका बोलले. बॅग रिकामी झाली, रविवारचं येणं थांबलं.

त्या हिवाळ्यात मला वाढवणारी आत्या गेली. पत्र पोचलं तेव्हा तिचा तेरावाही उरकला होता. मी किचनमध्ये नुसता बसून होतो. बायको खाली जाऊन सांगून आली, आणि थोड्या वेळाने दारावर थाप पडली. दारात काका, अंगात पांढरा शर्ट.

त्यांनी आत्याचं नाव विचारलं, उच्चार जमेपर्यंत तीनदा म्हणून पाहिलं आणि माझ्याशेजारी गप्प बसले.

घरात मतं किती, ते त्यांनी विचारलं नाही.