क्लेमेंटच्या तिलापियाची सोयरीक

आमच्या निर्मळ गावात क्लेमेंटला केळीवाला म्हणून कोणी ओळखत नसे, जरी त्याच्या वाडीतली केळी मुंबईपर्यंत जात. तो सोयरिकी जुळवणारा क्लेमेंट. मुलगी कोणत्या चर्चच्या पॅरिशची, तिचं आजोळ कुठलं, रंग कसा, आवाज किती मोठा, सगळं त्याला तोंडपाठ. मुलाचं मात्र एकच बघायचा, वाडी किती मोठी.

मग गावातली रोझलीन नवऱ्याला सोडून माहेरी परत आली. सेबेस्टियनच्या घरात तिला क्लेमेंटनेच दिली होती, आणि सेबेस्टियन रागावला की भरलं ताट भिरकावायचा. हे लग्नाआधी अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण क्लेमेंटने विचारलं नाही म्हणून कोणी सांगितलं नाही. आमच्याकडे लोक फार सभ्य. त्यानंतर क्लेमेंटला बोलावणं येईना.

यावर त्याने काढलेला उपाय त्यालाच सुचू शकतो. मुंबईचं नवं मत्स्यालय बघून आला आणि येताना काचेची टाकीच घेऊन आला. ती ओटीवर मांडली, तळाला वाळू पसरली, आणि एक तिलापिया सोडला. सरकारने तेव्हा नुकताच हा परदेशी मासा तळ्यांत सोडायला सुरुवात केली होती.

"एका घरात दोन जीव कसे नांदवायचे, ते लोकांना डोळ्यांनी दाखवतो," तो मला म्हणाला. "वरचं पाणी याचं. खालच्या वाळूत राहणारा दुसरा कोणी आणायचा. एक दुसऱ्याच्या वाटेत येत नाही, भांडण होईल कशाला?"

"तिलापियाला विचारलंस का?"

"तुझं आपलं काहीतरीच, पीटर."

घाई होती तीही खरी. फर्डिनंड, ज्याची वाडी गावात सर्वांत मोठी, रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर यायचा होता. मुलाची, युजीनची, सोयरीक क्लेमेंटवर सोपवावी की नाही ते ठरवायला. रोझलीनच्या प्रकरणानंतरचं हे पहिलंच काम. हे हुकलं तर क्लेमेंटने आयुष्यभर केळीच मोजायची.

तळाशी राहणारा जोडीदार क्लेमेंटने मुलगी बघतात तसा बघितला. पहिली आली मुरी, वाळूत अंग पुरून राहणारी, बोटाएवढी. चुलतभावाच्या बावखलातली, म्हणजे घरातलीच. त्या तळ्याचं पाणी तीन पिढ्यांचं ओळखीचं, शिवाय मुरीचा रंग उजळ. क्लेमेंट खूश. पण तिलापिया नर होता, आणि वाळूत खड्डा खणून तिथे मालकी सांगणं हा त्याचा जन्माचा धंदा. वरचं पाणी त्याला नकोच होतं. संध्याकाळपर्यंत मुरीची शेपटी गेली, सकाळपर्यंत मुरी.

"मुलगी फार नाजूक निघाली," क्लेमेंट म्हणाला.

दुसरी निवटी, पाचूबंदरच्या कोळीण भागूबाईने दिलेली. चिखलातच वाढलेली, म्हणजे खालची सवय असणार, हा क्लेमेंटचा हिशेब. तिलापियाने एक धडक दिली आणि निवटी काचेवर चढून बाहेर. इझाबेलला, क्लेमेंटच्या बायकोला, ती तांदळाच्या सुपात सापडली. दोन दिवस इझाबेल नवऱ्याशी बोलली नाही.

भागूबाई दारात मासे विकायला आली तेव्हा तिला हे कळलं. "क्लेमेंटबाबा, निवटी पान्यात कमी नि चिखलात जास्त," ती म्हणाली. "तुम्ही तिला इचारलं तरी का, पान्यात राहशील म्हणून?"

शनिवारी मला राहवेना. माझ्या न्हाणीमागच्या डबक्यातला एक मांगूर उचलला आणि गुपचूप त्या टाकीत सोडला. वर एक नारळाची करवंटीही टाकली. मांगूर म्हणजे काळाकुट्ट, मिशाळ, बुळबुळीत, बाजूला काटे. तिलापियाने धडक दिली. मांगूर हलला नाही. तिलापियाने चावा घेतला, काटा टोचला, तो मागे सरला. मांगूर सावकाश करवंटीखाली गेला आणि मिशा तेवढ्या बाहेर ठेवून बसला.

रविवारी फर्डिनंड आला तेव्हा दोघं नांदत होते. खालचा कोणी सोडला हे न विचारताच क्लेमेंटची छाती फुगली होती. मी ओटीच्या कोपऱ्यात, शेजाऱ्याच्या हक्काने.

"खालचा कोणत्या घरचा?" फर्डिनंडने विचारलं.

क्लेमेंटने माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे.

"डबक्यातला," आतून इझाबेल म्हणाली. "पीटरच्या न्हाणीमागच्या. काल सोडताना मी बघितलं."

फर्डिनंडने नाक वर केलं. "असलं नको हं, क्लेमेंट. युजीनला गोरी हवी, नाजूक हवी, आपल्याच पॅरिशची. आहे कोणी?"

होत्या. तीन नावं तर मला त्याच्या ओठांवर दिसत होती. तेवढ्यात तिलापिया करवंटीला डोकं लावून ती ढकलू लागला. क्लेमेंट ते बघून फर्डिनंडकडे वळला.

"युजीन रागावला की काय करतो?"

"म्हणजे?"

"काही फेकतो? हात उचलतो?"

"मुलाचं हे कोण विचारतं?"

"मी विचारतोय, फर्डिनंडभाऊ. उत्तर आलं की मुलगी बघू."

फर्डिनंड चहा न पिताच उठला. पुढे युजीनची सोयरीक शेजारच्या गास गावातल्या कोणी जुळवली. क्लेमेंट आठवडाभर वाडीतून बाहेर पडला नाही, आणि मलाही डबक्यातला मांगूर सोडल्याबद्दल जरा वाईट वाटलं.

मग बायका येऊ लागल्या, मुलींच्या आया. "मासे बघायला आलो," म्हणायच्या, माशांकडे पाठ करून बसायच्या आणि हळूच विचारायच्या, "क्लेमेंटबाबा, त्या सोपाऱ्याच्या मुलाचा स्वभाव तेवढा बघाल?" आता तो मुलांच्या घरी जातो, शेजाऱ्यांकडे पाणी मागतो, आणि तासभर पितो. गावातल्या मुलांचे बाप त्याच्यावर फार नाराज आहेत.

मीही आहे. माझ्या थोरल्याचं अजून कुठे जमत नाही. आमची भिंत क्लेमेंटच्या भिंतीला लागून आहे, त्याला सगळं ऐकू येतं.