मिक्सरसाठी काढलेली पिन

त्या घरची सून आजही डोळ्यांसमोर येते. रोह्याला नेमणूक असताना एका सासूने सोन्याच्या पाटल्या चोरीला गेल्याची फिर्याद दिली. मुलगा धाटावला कंपनीत शिफ्टवर, सासू बाजारात, घरी सून एकटी. पुढच्या दारावर कॅमेरा होता, पण नेमके तेव्हाचे चित्रीकरण नव्हते.

गुन्हा नोंदवला. दुसऱ्या दिवशी शेजारचा तरुण ठाण्यात आला. "साहेब, माझं नाव नको. ती सून रोज दुपारी नेट बंद करते. मग कॅमेरापण बंद पडतो."

महिला अंमलदाराला सोबत घेऊन मी घरी गेलो. सून रडली नाही. "व्हय, पिन मीच काढते. राऊटर सैपाकघरात हाय, प्लग एकच. मिक्सर लावायचा तर काय करू? पाटल्यांना मी हात नाय लावला."

"खोटं बोलते ती!" सासू ओरडली.

मी मिक्सर लावायला सांगितला. पिन निघाली, नेट गेले, कॅमेऱ्याचे चित्रीकरण थांबले. त्या घरघरीत अंमलदाराने पुढचे दार उघडले, तेही मला ऐकू आले नाही. तेव्हा प्रश्न पडला, आत काढलेली पिन शेजाऱ्याला कळते कशी?

त्याला बोलावून चहा दिला, सहज विचारले. "माझ्या मोबाइलचं नेट जातं ना, साहेब," तो बोलून गेला. म्हणजे त्याचा मोबाइल याच घरच्या राऊटरवर चालत होता. राऊटर, कॅमेरा निवडायला मुलाने यालाच जाणकार म्हणून दुकानात नेले होते. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड नको म्हणणारा हाच, पासवर्ड टाकणाराही हाच. फार ताणावे लागले नाही; नेट गेले की मिक्सर सुरू, हे ओळखून त्या आवाजात आत शिरल्याचे त्याने कबूल केले. पेणला बहिणीकडे ठेवलेल्या पाटल्या पंचांसमक्ष हस्तगत केल्या. बहिणीला काहीच माहीत नव्हते.

मुलाने विचारले, "साहेब, आता कुठला राऊटर घेऊ?"

"कुठलाही चांगला घ्या, पण त्याला प्लग वेगळा काढा. कॅमेऱ्यात कार्ड टाका. पासवर्ड घरातच ठेवा. आणि दुकानात बायकोला न्या. दिवसभर घरात ती असते."

सासू कपाटाची चावी सुनेपुढे धरून खालमानेने म्हणाली, "चुकलं गो माझं."

"पाटल्या तुमच्याच कपाटात ठेवा, आई. चावी मला नको," सून म्हणाली आणि आत गेली.

खबर देणाऱ्याला ती कुठून कळली, हे आधी विचारावे, एवढे मी तिथे शिकलो. पाटल्या कोर्टाच्या हुकुमाने परत देता आल्या. त्या दोघींमध्ये जे गेले, ते परत देणारा हुकूम नव्हता.