फुलोऱ्याला चादर

मल्लिनाथने थोरल्या बहिणीच्या द्राक्षवेलींवर चादरी पांघरल्या, त्या निव्वळ मायेपोटी. सकाळी दवाने चिंब झालेल्या त्या चादरी त्याने मायेनेच ओढल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर अख्ख्या ओळीचा फुलोरा खाली आला. आमची चादर अंग सोडत नाही, असं तो आपल्या चादरींच्या कारखान्यात गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा. ते इतकं खरं निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

बहीण मायाक्का मैंदर्गीची. जन्म मेंढरांमागे गेला, आणि पन्नाशीत मेंढरं विकून तिने द्राक्षं लावली. धाकटा दीर चनमल्लप्पा जुना बागाईतदार. त्याने चारचौघांत सांगून टाकलं, "वैनीच्या बागंत घड जिरणार." हवा गार, ढगाळ झाली की कोवळा घड वाढायचं सोडून बारीक होत जातो आणि शेवटी वेलीच्या तणाव्यासारखी नुसती पिळदार बाळी उरते. त्याला घड जिरला म्हणतात. घडाबरोबर आणखी कुणाची जिरणार होती, ते चनमल्लप्पाने बोलून दाखवलं नाही. मायाक्काला कळायचं ते कळलं.

तेव्हापासून तिला हवेशिवाय विषय नव्हता. एप्रिलच्या छाटणीनंतर सारं सोलापूर उन्हाला शिव्या देत सावलीला पळत होतं, आणि ही घाम पुसत म्हणायची, "तापू दे की! काडीच्या डोळ्यात घड आत्ताच धरतोय." ऑक्टोबरची छाटणी झाली तशी तिची भाषा बदलली. फुलोऱ्यात गारठा नको, फलधारणा होत नाही. ऊनही कडक नको, फूल करपतं.

"जावई परवडला," ती म्हणायची. "रुसला तर निदान तोंडानं सांगतोय तरी."

बागेत तारेला तिने तापमापक टांगला होता. स्वतः मात्र पहाटे साध्या लुगड्यावर हिंडायची. स्वेटर घाल म्हटलं तर म्हणे, "मला कुटं फुलोरा आलाय?"

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातून मल्लिनाथ भाऊबीजेला आला तो चार दिवस उशिरा, ओवाळणीला चादरींचा गठ्ठा घेऊन. टीव्हीवर थंडीची लाट सांगत होते. आक्का बाजाराला गेलेली. त्याने गठ्ठा सोडला, आणि अंधार पडायच्या आत एक ओळ गळ्यापर्यंत झाकून टाकली. परत आलेल्या आक्काला त्याने काहीच सांगितलं नाही. सकाळी चकित करायचं होतं.

सकाळी ती झाली. वाकून तिने चिमूटभर फुलोरा तळहातावर घेतला. तेवढ्यात बांधावरून चनमल्लप्पा आलाच.

"काय वैनी, वेलीला पांघरूण घातलं? उशीबी द्यायची की!"

"देनार हुते. तुमी तिच्यावर लोळत हुता न्हवं अजून?"

"आन् ही वळ?"

"ही वळ माझ्या तम्माला ओवाळणीत दिलीया. तुमी बाकीची बाग बघा."

धाकट्या भावाला ती कानडीतलं तम्मा म्हणायची ते लाडात आली की, नाहीतर संतापली की. यातलं आत्ता कुठलं, हे विचारायची मल्लिनाथची छाती झाली नाही.

लाट टीव्हीवरच राहिली. हवा बेताची उबदार निघाली, उरलेल्या ओळींत बाजरीएवढे मणी धरले, मग ज्वारीएवढे. चनमल्लप्पा दर दोन दिवसांनी पानं उचलून बाळी शोधायचा आणि हात हलवत परत जायचा. एकदा जाता जाता त्याने हळूच विचारलं, "वैनी, तापमापक कुटनं आणला म्हनायचा?"

फेब्रुवारीत मल्लिनाथ द्राक्षं खायला आला. भरल्या घडांच्या बागेत त्याची ओळ तेवढी म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखी दिसत होती. चार मणी तोंडात टाकले आणि त्याला पुन्हा माया आली.

"आक्का, त्या चादरी जाड होत्या, तिथंच चुकलं बघ. पुढच्या थंडीला पातळ टॉवेल आणू का?"

"आण, आन् तूच पांघरून गप झोप."