तारेला लावलेली कार्डं

त्या काळी प्रोग्रॅम हातात धरता यायचा. एका ओळीचं एक जाड कार्ड, त्यात यंत्राने पाडलेली बारीक भोकं. ओळ बदलायची तर जुनं कार्ड काढायचं आणि त्या जागी नवं घालायचं. माझा अख्खा प्रोग्रॅम बुटाच्या खोक्यात मावत होता. संगणक मुंबईला, आणि मी सुट्टीत धुळ्याला, घरी.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, शब्द दिला होता: या खेपेला प्रोग्रॅम चालला तर मुंबईची नोकरी खुशाल कर, नाही तर दोंडाईच्याचं स्थळ पक्कं. मुलगा वाईट नव्हता. पण मला कुणाच्याच घरी जायचं नव्हतं, मला त्या यंत्रापाशी जायचं होतं.

एका दुपारी खोकं माझ्या हातून पडलं आणि ओसरीभर कार्डं झाली. ती पुन्हा लावता लावता मी आबांना चिडून बजावलं, की एक जरी मागेपुढे झालं तरी सगळी मेहनत पाण्यात जाईल.

आबांची कापसाची अडत होती. दुकानातली पावती टोकदार तारेत ओवली, की त्यांच्या लेखी ती कायमची सुरक्षित. मी निघायच्या सकाळी त्यांनी तशीच एक तार माझ्यापुढे धरली.

"तुन्हा बठ्ठा कागद तारमा लाई दिधात. आते एक बी इकडेतिकडे जावाव नही."

सगळीच्या सगळी कार्डं तारेत ओवलेली होती, क्रम अगदी बरोबर होता. आणि प्रत्येक कार्डाच्या मधोमध एक नवं भोक होतं. यंत्र भोकंच वाचतं, हे त्यांना कोण सांगणार?

मला किंचाळावंसं वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघितलं आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. नवी कार्डं पाडायला वेळच नव्हता, यंत्रावरची माझी पाळी दुसऱ्याच दिवशी होती. तरी वेड्या आशेने गेले. काही कार्डं यंत्रात अडकली, बाकीच्यांचा त्याने भलताच अर्थ लावला. ऑपरेटरने गठ्ठा परत दिला. पुढची पाळी थेट पावसाळ्यानंतर.

घरी येऊन सांगितलं, चालला नाही. का, ते सांगितलं नाही. आबांना मनापासून वाईट वाटलं होतं, आणि त्याचाच मला संताप येत होता.

"कागद तं बठ्ठा व्हतात ना, माय?" त्यांनी विचारलं.

"बठ्ठा व्हतात, आबा," मी म्हणाले.

मग ते दोंडाईच्याला होकार कळवायला उठले.