दिव्यावर जाऊ नका

"दिव्यावर जाऊ नका, यंत्राले विचारा," हे गुलनाजचं रोजचं बोलणं. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं कॉम्प्युटरचं दुकान, तेच गावाचं सरकारी अर्ज भरायचं केंद्र. लोक म्हणत, बाई हट्टी आहे. होतीच. कुठल्या क्लासात न जाता, बिघडलेली यंत्रं उघडून उघडून शिकलेली बाई दुसरी कशी असेल?

गुलाबी अळीनं बीटी कपाशी आतून पोखरली, त्या सालची गोष्ट. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की अळी. नुकसानीच्या अर्जांचा शेवटचा दिवस होता, मुदत पाचपर्यंत. गावात एकट्या चांगुणाबाईंचा अर्ज राहिला होता. एकट्या बाईची दोन एकर कपाशी, सगळी गेलेली. अर्जाला अंगठा हवा, आणि अंगठ्याचं यंत्र दुपारपासून रुसलं होतं. त्याचा लाल दिवा लागलेला, पण कॉम्प्युटर म्हणे, हे कोण ते ओळखू येत नाही.

तालुक्याहून केंद्रं तपासायला आलेला कुलदीप खुर्चीत टेकून म्हणाला, "कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरा लागते मॅडम. नाहीतर केंद्र बंद, असं लिहितो. काकूचं पुढच्या वर्षी पाहू."

"अन् तोवर खाऊ काय बे?" चांगुणाबाई खिडकीतून कडाडल्या. "तुले भाजून?"

बाहेरचे लोक हसले. गुलनाज हसली नाही.

"कॉम्प्युटरले हात लावू देत नाही मी. वायर लावली का टुंग वाजते ना? म्हणजे दारात कोणी आलं, हे त्याले कळून राह्यलं."

मग तिनं सांगितलं ते मी खिडकीशी उभा राहून ऐकलं. यंत्र जोडलं की एका तारेवर दाब चढतो, त्यावरून पाहुणा आल्याचं कळतं. कॉम्प्युटर त्याला जागं करतो, विचारतो: तू कोण, कोणत्या कंपनीचा, वीज किती लागते तुले? मग त्याला एक क्रमांक देतो, आणि त्याची भाषा जाणणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, शोधून जोडीला बसवतो. उत्तरच फाटकं आलं, तर पाहुणा अनोळखीच राहतो.

"दिव्याले दोन तारा लागतात, बोलायले दुसऱ्या दोन," ती म्हणाली. "दिवा लागला म्हणजे पोट भरलं. बोलणं वेगळं."

तिनं कॉम्प्युटरला यंत्राची वायर होती, त्याच जागी माऊस लावला. चालला. म्हणजे जागा चांगली. मग वायरीवरून बोट फिरवत ती खिडकीपर्यंत आली आणि काळ्या टेपच्या गाठीवर थांबली.

लोक खिडकीतूनच अंगठा देत, म्हणून मोटारी दुरुस्त करणाऱ्या रंगरावांनी काल कॉम्प्युटर आणि यंत्राच्या मधे लावायला दोन तुकड्यांची लांब वायर करून दिली होती. तारा पिळून, वर टेप, आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीला जोडतात तशी. सकाळभर चालली. मग खिडकीतल्या ओढाताणीनं गाठ ढिली झाली.

बाहेर उभे असलेले रंगराव भडकले. "माह्या जोडावर मोटारी चालतात! विहिरीवर येऊन पाह्य!"

"मोटारीले नुसती वीज पाह्यजे काका. याले वीज पाह्यजे अन् शब्दही. शब्द तुमच्या गाठीत अडकला."

तिनं ती लांब वायर काढून टाकली. यंत्राची स्वतःची वायर हातभरच, खिडकीपर्यंत पोचेना. तिनं काउंटरची फळी उचलली.

"आत या काकू."

"आत कोणाले घेता येत नाही, नियम आहे," कुलदीप उठला.

"कुठं लिहिला, दाखवा. तोवर काकूले बसू द्या. तुमच्या खुर्चीत."

चांगुणाबाई बसल्या. गुलनाजनं यंत्र थेट कॉम्प्युटरला जोडलं. टुंग वाजलं. या खेपेला पडद्यावर यंत्राचं नाव आलं, पुरतं, कंपनीसकट. पाचाला दहा मिनिटं कमी असताना अंगठा उमटला आणि अर्ज गेला.

"आता लिहा," गुलनाज कुलदीपला म्हणाली. "केंद्र चालू. माह्यासमोर लिहा."

त्यानं लिहिलं.

तिनं दुकानाला कुलूप घातलं, गाठीची वायर रंगरावांच्या खांद्यावर टाकली आणि चांगुणाबाईंचा हात धरून मशिदीच्या रस्त्यानं निघाली. मागं पाहिलं नाही. ती वळणाआड जाईपर्यंत रंगराव पाहत उभे होते, आणि त्यांचा अंगठा गाठीवरचा टेप हळूहळू सोलत होता.