श्रीगोंद्याहून येणारे फोटो

माझ्या नवऱ्याचा श्रीगोंद्यात छोटा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, साखरपुडे, बारशी यांचे फोटो तो काढायचा आणि अल्बमची पानं मी लावायचे. मुलीच्या शाळेसाठी आम्ही नगरला, सावेडीत भाड्यानं फ्लॅट घेतला. मग दुकान तिकडं आणि मी इकडं, असं झालं. सुरुवातीला तो फोटोंची हार्ड डिस्क एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरजवळ द्यायचा आणि मी स्टँडवर जाऊन ती घ्यायचे. एकदा डिस्क वाटेत कुठंतरी आपटली आणि एका घरची अख्खी हळद गेली. नवरीच्या आईला ते सांगायला आम्ही दोघं गेलो होतो. ती बाई चिडली नाही, नुसती डोळ्याला पदर लावून बसली.

त्यानंतर त्यानं वर्षाचे पैसे भरून ऑनलाईन बॅकअप घेतला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं ‘दुकान-घर’. त्यात फोटो टाकले की ते इंटरनेटवर जमा व्हायचे आणि माझ्या लॅपटॉपवरच्या तशाच फोल्डरमध्ये उतरायचे. कॉम्प्युटर बिघडला, चोरीला गेला, तरी फोटो शाबूत. मी कणीक मळत असायचे आणि ओट्याच्या कडेला ठेवलेल्या लॅपटॉपवर एकेक फोटो उमटायला लागायचा. तेवढ्यात त्याचा फोन यायचा.

“आले का?”

“येतायत. नवरी रडतानाचा काय छान आलाय रे.”

“तो सोड. पुढच्यात तिचा भाऊ बघ. खांबाआड उभा राहून रडतोय.”

आमच्या संसारातलं निम्मं बोलणं असं दुसऱ्यांच्या लग्नांवरच झालं.

त्या वर्षी उसाचा हंगाम ऐन भरात होता. एका खेडेगावातलं लग्न आटोपून तो दुपार उतरताना दुकानात आला, फोटो फोल्डरमध्ये टाकले आणि मला फोन केला. “टाकलेत. लाईट ये-जा करतेय, वेळ लागेल. मी निघतो आता, जेवायला घरीच आहे.” नगरच्या रस्त्यावर दिवेलागणीला एक नादुरुस्त उसाची ट्रॉली उभी होती. तिला मागं दिवा नव्हता, की कुणी काही खूण ठेवलेली नव्हती. त्याची मोटरसायकल तिच्यावर जाऊन आदळली. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

दहाव्याच्या आधी दीर म्हणाला, “वहिनी, दादाचा एखादा चांगला फोटो द्या. मोठा करून आणतो.”

मी लॅपटॉप उघडला. कितीतरी वर्षांची लग्नं त्यात होती. नवरे, नवऱ्या, करवल्या, पंगतीत वाढणारी माणसं, मांडवात झोपलेली पोरं. तो कुठंच नव्हता. कसा असणार? कॅमेरा त्याच्याच हातात. आमच्या लग्नातले फोटो होते, पण मुंडावळ्या बांधलेला तो हडकुळा मुलगा मला कुणी वेगळाच वाटला. मोबाईलवर मुलीनं काढलेले होते, तर ते सगळे हललेले. शेवटी लायसन्सचा फोटो मोठा केला. मोठा करताना तो इतका फाटला, की शेजारची बाई नमस्कार करून मागं सरकली आणि हळूच म्हणाली, “असे दिसत नव्हते हो ते.”

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी त्या शेवटच्या लग्नातल्या नवरीच्या वडिलांचा फोन आला. ते दहाव्याला येऊन गेले होते. तेव्हा फोटोंचा विषयही त्यांनी काढला नव्हता.

“ताई, बोलावं का न्हाई, कळंना झालंय.”

“बोला ना.”

“आमचं म्हातारं गेलं. लग्नात खुर्चीवर बसल्यालं हुतं, ते. तुमच्या मालकांनी त्यांचा लई निवांत फोटो काढला हुता. आता दहावा आला. घरात दुसरा फोटोच न्हाई. आधारकार्डावरचा हाय, पन त्यात आमालाच ते वळखू येत न्हाईत. तुमच्यावर एवढं झालंय, अन् मी हे असलं...”

“मला कळतंय,” मी म्हणाले. “बघते मी.”

त्या दिवशी लाईट गेल्यामुळं फोटो अर्धेच आले होते. त्यात म्हातारे नव्हते. दुकान बंद पडल्यापासून कॉम्प्युटर कुणी लावला नव्हता. मी दिराला फोन केला.

“वहिनी, पेन ड्राइव्हमध्ये घालून आणून देऊ का?”

“नको. नुसता चालू करून ठेवा. येतील आपोआप.”

थोड्या वेळानं लॅपटॉपवर फोटो उतरायला लागले. सवयीनं मी मोबाईलकडं बघितलं. तो काही वाजला नाही.

पहिला फोटो त्याच्या तळहाताचा होता. जागा बदलली की उजेड बघायला तो आधी स्वतःच्या हाताचा फोटो काढायचा. असले फोटो मी अल्बम लावताना धडाधड पुसून टाकायचे, कधी नीट बघितलेही नव्हते. आता बघत बसले. अंगठ्याखाली फ्रेमची काच लागल्याचा व्रण होता. करंगळीला मांडवातला गुलाल लागला होता. मी पडद्यावर हात टेकवला आणि मग मला रडू आलं. इतके दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. त्यात धड रडताही आलं नव्हतं.

त्याच्या मागोमाग म्हातारे आले. लिंबाखाली खुर्ची, नवा फेटा, हातात काठी. त्यानं त्यांचे बरेच फोटो काढले होते. आधीच्यांमध्ये ते अवघडून बसलेत. मग माझ्या नवऱ्यानं त्यांना काय विचारलं असेल कोण जाणे, शेवटच्या फोटोत ते तोंड उघडून हसलेत, पुढचे दात नाहीत. मी तोच निवडला, मागची गर्दी काढली आणि श्रीगोंद्यातल्या दुसऱ्या एका स्टुडिओवाल्याला लिंक पाठवली. त्यानं फ्रेम करून दिली.

दहावा झाल्यावर नवरीच्या वडिलांचा फोन आला. “ताई, आईनं फोटो मांडीवरनं खालीच ठिवला न्हाई. म्हनती, असं हसाया लागलं का माझ्याशी भांडान मिटलं म्हनायचं.”

अल्बम मी महिनाभरानं पुरा केला. तो न्यायला नवरी नवऱ्याला घेऊन सावेडीला आली. पानं उलटता उलटता ती आजोबांच्या फोटोपाशी थांबली आणि तिनं माझा हात धरला.

पुढं दिरानं दुकान सोडून दिलं. मी आता कर्जत, पाथर्डीच्या फोटोग्राफरांचे अल्बम घरूनच करते. त्यांचीही फोल्डरं अशीच येतात, पण फोन कामापुरते येतात. मुलगी आठवीत आहे. तिला वडिलांची आठवण आली की मी त्यानं काढलेले फोटो दाखवते. ती थोडा वेळ बघते आणि म्हणते, “पण यात बाबा कुठंयत?”

बॅकअपची मुदत संपत आली की दीर दरवर्षी विचारतो, “वहिनी, कशाला ठेवता ते? दुकान तर राहिलं नाही.”

“लोक मागायला येतात,” मी सांगते.

आणि येतातच. परवा एका बाईचा फोन आला होता. तिचा भाऊ गेला. त्याचा फोटो हवा होता, तिच्याच लग्नातला. मी तिला लग्न कुठल्या गावात झालं ते विचारलं आणि शोधायला बसले.