इंद्रचोकातली चिठ्ठी

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकात लागते, दाराला नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच "हो बाजूला" म्हणते. या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचायची आणि "काहीही हं!" म्हणून पान उलटायची. आज मीच लिहायला बसलेय... हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचून हसा.

आम्ही हुबळीचे, केशवापूरला राहतो. मूळचे मिरजेकडचे, पण तीन पिढ्या इथंच गेल्या. यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि मी घरी चटण्या करून विकते – शेंगा, जवस, कारळ. पाकिटांवरची लेबलं मी स्वतः हातानं लिहिते आणि नावाखाली दोन रेघा मारते. ती सवयच झालीय. ही लेबलांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या लेकीचं, गौरीचं लग्न ठरलं. नेपाळला जाऊन शाली आणि मण्यांच्या माळा घ्यायच्या, पशुपतिनाथ बघायचा, असा जाणं-येणं सोडून चार दिवसांचा बेत निघाला. मी, गौरी आणि माझ्या सासूबाई. सासूला आमच्याकडे अत्ती म्हणतात. अत्ती बहात्तर वर्षांच्या, अळणावरजवळच्या एका खेड्यातल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि मराठी-कानडी सोडून तिसरी भाषा नाही. यांना दुकान सोडता येईना. स्टेशनवर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईला जप हं. तुझ्या भरवशावर पाठवतोय."

"त्या काय छत्री आहेत हरवायला?" मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही काठमांडूच्या इंद्रचोकात होतो. तिथं मण्यांचा बाजार आहे. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना टपऱ्या आणि लाल-हिरव्या माळांचे झुबके. गौरी माळा गळ्याला लावून बघत होती आणि अत्ती त्या नेपाळी दुकानदाराशी कानडी-मराठीत घासाघीस करत होत्या – "जरा कम्मी माडो, अप्पा! लग्नाचं घर आहे आमचं!" तो बिचारा हसून नेपाळीत उत्तर देत होता. दोघांचं मस्त चाललं होतं. पण मला शालींची घाई, पायात गोळे आलेले... मी फटकन बोलून गेले, "अत्ती, गप बसा की हो जरा. उगाच आणलं तुम्हाला."

त्यांनी हातातली माळ खाली ठेवली. मी माळेची गाठ बघायला मान खाली घातली. मान वर केली, तर अत्ती नाहीत.

आधी वाटलं शेजारच्या टपरीवर असतील. मग पुढचा बोळ पाहिला, मग मागचा. अत्तींचं मतदार कार्ड, पैसे, औषधं – सगळं माझ्या पर्समध्ये. त्यांच्याकडे फक्त कमरेला खोचलेला रुमाल. माझ्या तोंडचं पाणी पळालं. परका देश, आणि म्हातारीला "मी हरवलेय" एवढंसुद्धा कुणाला सांगता येणार नाही. यांना काय तोंड दाखवू? आणि शेवटचं काय बोलले मी – उगाच आणलं तुम्हाला.

चौकात कुठल्याशा मंडळाचा मांडव होता आणि तिथं माइक होता. टोपीवाले एक गृहस्थ सूचना देत होते. गौरीनं त्यांना हिंदीत सगळं समजावलं. त्यांनी तीनदा पुकारलं, "सुलोचना... सुलोचना..." कुणी आलं नाही. अर्ध्या तासानं पुन्हा पुकारलं, तरी नाही. मग ते म्हणाले, दिदी, नीट लिहून द्या, माझ्या बोलण्यात चूक होत असेल.

नेपाळीची लिपी आपलीच, त्यामुळे मीच लिहिलं. माळेच्या पाकिटाच्या पाठीवर नाव, वय, हिरवी इरकल साडी, गाव हुबळी. नाव सुलोचनाच लिहिलं. हे मी कुठंही शपथेवर सांगेन.

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि माइकवर वाचलं, "आवडी... उमेर बहत्तर... हरियो साडी..."

मी खवळलेच. कोण आवडी? मी लिहून काय दिलंय, आणि हा माणूस वाचतोय काय! गर्दी ढकलत मी माइककडे निघाले, तोवर त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं, "आवडी..."

आणि समोरच्या बोळातून अत्ती आल्या. निऱ्या वर धरून, जवळजवळ पळत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट त्या टोपीवाल्यासमोर जाऊन धापा टाकत विचारलं, "कोण बोलावलं मला? आमच्या गावचं कोण आलंय?"

मी त्यांना मिठी मारून चारचौघांत भोकाड पसरलं. यांच्या दुकानातल्या एकूण एक भांड्यात माझा जीव पडला म्हणा ना. रडून झाल्यावर, सवयीप्रमाणे, रागावले.

"अहो अत्ती, केव्हापासून तुमचं नाव पुकारतायत! ऐकू आलं नाही?"

"सुलोचना सुलोचना करत होते, ते? ऐकलं की. कुणीतरी हरवली बिचारी, म्हटलं."

माझ्यावर रुसून त्या पलीकडच्या देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या.

"मग आता कशा आलात?"

"आता माझं नाव घेतलं की," अत्ती म्हणाल्या.

तेव्हा कळलं. अत्तींचं माहेरचं नाव आवडी. सतराव्या वर्षी लग्न झालं, माझ्या मामंजींनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुलोचना' लिहिलं, आणि आवडी तिकडं अळणावरलाच राहिली. आई-वडील लवकर गेले. एक भाऊ होता, तोही मी लग्न होऊन यायच्या आधी गेला. सासरी सगळ्यांची वहिनी, मग आई, अत्ती, आज्जी. कार्डावर सुलोचना. मी रात्री यांना फोनवर सांगितलं, तर पोटचा मुलगा विचारतो, "आवडी? कोण आवडी?"

टोपीवाल्यांना मी विचारलं होतं, हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी चिठ्ठीच माझ्या हातात दिली. "जे लेखेको छ, त्यही पढेँ, दिदी." म्हणजे, जे लिहिलंय तेच वाचलं.

चिठ्ठीवर लिहिलं होतं – आवडी. अक्षर माझं. खाली दोन रेघा.

गौरी म्हणते, "मम्मी, कधीतरी कानावर पडलं असेल तुझ्या." हे म्हणतात, घाबरल्यावर माणूस काहीही लिहितं. असेल. पण काहीही लिहिताना नेमकं तेच नाव? मी अत्तींना खोदून खोदून विचारलं, कधी बोलता बोलता मला सांगितलं होतंत का?

"मीच विसरले होते की गं," त्या म्हणाल्या, "तुला कुठनं सांगू?"

गेल्या महिन्यात गौरीच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. तांदळात कोणतं नाव लिहायचं, त्यांनी दोन-तीन निवडली होती. गौरीचं तोंड एवढंसं झालं. आधी हा विषय निघाला होता तेव्हा मीच तिला गप्प केलं होतं, "त्यात काय, आम्ही नाही बदललं?" या वेळी मी अत्तींकडे बघितलं. अत्तींनी माझ्या हातातला फोन घेतला.

"आहे तेच लिहा, बाई," त्या म्हणाल्या. "उद्या कुणी हाक मारली तर पोरीनं वळून बघायला पाहिजे की."

पलीकडे विहीणबाई हसल्या, आणि गौरीचं नाव गौरीच राहिलं.

मी अधूनमधून कागद घेऊन 'सुलोचना' लिहून बघते, दहा-दहा वेळा. दर वेळी सुलोचनाच उमटतं. चिठ्ठी माझ्या लेबलांच्या डब्यात आहे. अत्तींना वाचता येत नाही, पण कधीतरी दुपारी त्या चिठ्ठी मागून घेतात आणि विचारतात, "यातलं माझं नाव कुठलं गं?" मी बोट ठेवून दाखवते. अक्षर माझं आहे, रेघाही माझ्याच आहेत. लिहिलं कुणी, ते मला अजून माहीत नाही.